नारळ कुणी धरला होता

मार्केट यार्डात वजनकाट्यापाशी बसते मी,
चोवीस वर्षं झाली.
पोत्याचा आकडा, पोत्याची खूण, अडत्याचं नाव.
अक्षर बरं, म्हणून सांगलीतल्या निम्म्या हमालांचे
अर्जही माझ्याकडंच येतात.

मंगळवारी हळदीचा सौदा ऐन रंगात असताना
दस्तगीर मुल्लानं टेम्पोच्या सीटवर अंथरलेला पेपर
तसाच उचलून आणला.
सातव्या पानावर, सोफ्याच्या जाहिरातीच्या बगलेत:
सरकारी कंपनीनं परक्या समुद्रात तेल शोधलं,
साडेतीन हजार कोटी, तीन विहिरी,
तिन्ही कोरड्या.
"कर्जाला जामीन सरकार," दस्तगीर म्हणाला,
"म्हणजे मी. म्हणजे हा टेम्पो."
आणि मिरज रोडच्या पंपावरचा डिझेलचा भाव
त्यानं एका पोत्यावर खडूनं लिहिला,
जसं काही मी तोही काट्यावर घ्यावा.

नेमगोंडा अण्णांनी विचारलं, एवढ्यात हळदीची पोती किती?
मांडायला बसले.
शून्यं समासाबाहेर गेली,
तिथं आधीच कुणाच्या तरी चहाची उधारी होती.

पूर्वी इथं सौदा रुमालाखाली व्हायचा.
दोन हात आत, बोटांत बोटं,
आणि तोंडं वर लेकीबाळींची खुशाली विचारत.
माल ज्याचा, तो समोर उभा
रुमालाचा काठ बघत.
भांडून घालवला तो रुमाल आम्ही.
वाटलं, गेला.
गेला नव्हता; दिल्लीच्या गाडीत बसला होता.

जतचा मायाप्पा लोखंडे थप्पीला टेकून ऐकत होता.
पाणाड्या. त्याच्या तळहातावर आडवा नारळ उभा राहतो
आणि राहील तिथं बोअरची गाडी लागते.
फसलेले बोअर तो लपवत नाही:
डफळापूरला दोन, उमदीला एक,
सातशे फूट, नुसता फुफाटा.
"फेल जातंय की. जमिनीच्या पोटात कोण बघून आलंय?
पर गेलं की मी त्याच्या दारात जाऊन बसतो.
शिव्या खातो. भाकरी दिली तर तीबी खातो.
एवढंच लिवा बाई,
नारळ कुणी धरला हुता?"

इंदुबाई गलांडेची चाळणी थांबली.
मी कागद घेतला. महोदय, वगैरे.
मायाप्पाचं वाक्य तसंच ठेवलं,
फक्त 'हुता'चं 'होता' केलं,
त्याचंही नंतर वाईट वाटलं.
चाळणीवरच्या बायकांनी शाई मागितलीच नाही;
अंगठे टेकवले, पिवळे उठले.

तवनाप्पा तेवढा फिरकला नाही.
त्याचा धवल त्याच जहाजावर, पाइप जोडायला.
त्याच पगारावर कुपवाडच्या घराचा स्लॅब पडला.
सगळ्यांना माहीत, कुणी विषय काढला नाही.
मीही कागद त्याच्यापुढं नेला नाही.

दिवेलागणीला तो आपणच आला.
पेन्सिल मागितली. सगळ्यात खाली,
हलक्या हातानं सही केली.
"पोरगं म्हणतंय, पहिल्याच विहिरीत कळलेलं
खाली काय नाही ते.
वरनं निरोप आला, पैसा मंजूर हाय, खोदत ऱ्हावा."
मग थोडा थांबून:
"हे नका लिहू."

नाही लिहिलं.
चोवीस वर्षांत काट्यावर आलेलं वजन
वहीत न उतरवण्याची ती पहिली वेळ.

सात आठवड्यांनी उत्तर आलं:
आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे.
खाली चौदा आकडी क्रमांक.
दस्तगीर म्हणाला, लॉटरीला लावू.

परवा तवनाप्पाकडं धवलचा फोन.
चौथी विहीर सुरू झाली म्हणे.
समुद्र शांत आहे,
बरोबर नेलेलं भडंग संपलं,
जमलं तर दोन किलो पाठवा, लसूण जास्त घालून.

पार्सल कुरिअरला टाकायला
दस्तगीरच गेला,
वाटेत डिझेल भरून.